ऑनलाइन गेम कधी जड, कधी सुसाट : नेमकं कुठलं घड्याळ चुकतंय?

निळी_वायर (धागाकर्ता)
गेम तोच, मशीन तेच, कनेक्शन तेच. तरी सकाळी सातला खेळ हलका वाटतो आणि रात्री दहाला हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून पळत असल्यासारखा. त्याहून विचित्र म्हणजे मधेच अर्धा सेकंद समोरचे सगळे खेळाडू फास्ट फॉरवर्ड केल्यासारखे झर्रकन पुढे जातात. कोपऱ्यातला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) मात्र बारा-पंधराच दाखवतो.
माहिती अशी : अंधेरी, सातवा मजला, १०० एमबीपीएस फायबर. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत वायफायवर. मॉनिटर १४४ हर्ट्झ. गेम व्हॅलोरंट (गोळीबाराचा, म्हणजे शूटर), सर्व्हर मुंबई. प्लॅन वाढवण्याआधी काय तपासावं? आणि स्लो होणं समजू शकतं, पण फास्ट कसा होतो?

मालाड_पश्चिम
३०० चा प्लॅन घ्या, प्रश्न मिटेल.

पंधरा_डबा
नाही मिटणार. नऊ डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली तर माणसं जास्त मावतात, पण विरारहून चर्चगेटला पोचायला वेळ तेवढाच लागतो. एमबीपीएस म्हणजे डबे, पिंग म्हणजे प्रवासाचा वेळ. शूटर गेमला एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. त्याला हवं असतं ते वेळेवर पोचणं, आणि तेही प्रत्येक वेळी सारख्या अंतराने.
प्लॅन वाढवून फरक पडतो तो एकाच बाबतीत, अपलोड फार कमी असेल तर. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहीलच.

टिक_१२८
धागाकर्ते, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी घड्याळं एकत्र झाली आहेत. ती सुटी केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही.
पहिलं सर्व्हरचं. सर्व्हर खेळाचं जग ठरावीक अंतराने पुढे ढकलतो, त्याला टिक म्हणतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ टिक चालतो, म्हणजे एक टिक ७.८ मिलिसेकंदांची. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ६४, म्हणजे १५.६. एपेक्स लेजंड्समध्ये २०, म्हणजे ५०. एका गेममधून उठून दुसऱ्यात गेलात आणि 'हा जड आहे' वाटलं, तर निम्मं कारण इथेच असतं.
दुसरं घड्याळ नेटवर्कचं : पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) किती वेळात पोचतं आणि दोन पॅकेटमधलं अंतर किती सारखं राहतं. त्या अंतराच्या हेलकाव्याला जिटर म्हणतात.
तिसरं तुमच्या स्क्रीनचं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९. विंडोज अपडेट किंवा ड्रायव्हर बदलल्यावर मॉनिटर गुपचूप ६० वर जाऊन बसतो, हे फार वेळा होतं. सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आधी तेच बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता 'फास्ट' कसा होतो ते. समोरचा खेळाडू तुम्हाला आत्ता जिथे आहे तिथे कधीच दिसत नाही. तुमचं मशीन आलेली पॅकेट थोडी साठवतं आणि दोन स्थितींच्या मधली हालचाल स्वतः भरून दाखवतं. जुन्या सोर्स इंजिनमध्ये (जुने काउंटर-स्ट्राइक ज्या सॉफ्टवेअरवर चालायचे ते) हा साठा मुळात १०० मिलिसेकंदांचा ठेवलेला असायचा. आता समजा पॅकेट १५० मिलिसेकंद आलीच नाहीत. साठा संपतो, समोरचा जागेवर गोठतो किंवा अंदाजाने सरळ पळत राहतो. मग अडकलेली दहा-पंधरा पॅकेट एकदम येतात. एखादी लोकल रखडली की मागच्या तीन एकापाठोपाठ येतात ना, तसंच. आता मशीनला मागे राहिलेला वेळ भरून काढायचा असतो, म्हणून ते हालचाल जलद दाखवतं. तुमचं फास्ट फॉरवर्ड ते हेच. सर्व्हरवर तो माणूस नेहमीच्याच वेगाने चालत होता.

काही गेम तर मुद्दाम घड्याळ पळवतात. ओव्हरवॉचमध्ये तुम्ही दाबलेल्या कळा सर्व्हरकडे वेळेत पोचत नसतील, तर सर्व्हर तसं कळवतो आणि तुमचं मशीन आपली १६ मिलिसेकंदांची पायरी १५.२ ची करून चालवतं. म्हणजे तुमच्याकडचा खेळ खरोखर पाच टक्के जलद धावतो आणि थोड्या जास्त कळा आगाऊ पाठवून ठेवतो. लाइन सुधारली की पायरी उलट बाजूला लांबवून साठा कमी करतो. वेग बदलल्याचं डोळ्याला दिसत नाही, पण हाताला 'आज काहीतरी वेगळं आहे' एवढं जाणवू शकतं.

घनचौकट
माइनक्राफ्टचं काय? चार-पाच जणांच्या सर्व्हरवर गाई-कोंबड्या थांबतात आणि मग एकदम धावतात. तेही नेटवर्कच का?

टिक_१२८
तिथे आधी सर्व्हरकडे बघा. माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक चालतो, म्हणजे एका टिकचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत उरकायला हवं. १०० लागले तर सेकंदाला १० टिक होतात आणि जग अर्ध्या वेगाने चालतं : वीस मिनिटांचा दिवस चाळीस मिनिटांचा, भट्टीतलं लोखंडही दुप्पट वेळाने. याचा तुमच्या पिंगशी काडीचा संबंध नाही.
सर्व्हर थोडा मागे पडला तर मधली विश्रांती न घेता टिक भराभर चालवून भरपाई करतो. गाई धावतात त्या तेव्हा. दोन सेकंदांपेक्षा जास्त मागे पडला की तो ती भरपाई सोडून देतो आणि कन्सोलवर 'कान्ट कीप अप' अशी ओळ येते. जावा आवृत्ती १.२०.३ पासून 'टिक क्वेरी' ही कमांड आहे, ती एका टिकला किती मिलिसेकंद लागतात ते थेट सांगते. आकडा ५० च्या जवळ असेल तर सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती लांबपर्यंतचं जग चालतं ठेवायचं) १० वरून ६ करा, आणि एकाच खड्ड्यात शंभर कोंबड्या भरलेल्या असतील तर त्या कमी करा. आकडा १५-२० असूनही गाई धावत असतील तर मग नेटवर्क. जावा माइनक्राफ्ट टीसीपीवर चालतो, म्हणजे पॅकेट क्रमानेच देणाऱ्या पद्धतीवर. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पोचूनही दाराशी खोळंबतात, मग एकदम आत येतात. बहुतेक शूटर गेम यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात, तिथे हरवलेलं पॅकेट सोडून पुढे जाता येतं.

जुना_सैनिक
स्ट्रॅटेजी गेमचा प्रकार वेगळाच आहे, तोही नोंदवतो. एज ऑफ एम्पायर्समध्ये हजारो सैनिकांची जागा नेटवर्कवरून पाठवणं मोडेमच्या काळात शक्यच नव्हतं. म्हणून फक्त हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक मशीनने तेच गणित स्वतः करायचं, अशी रचना केली. साधारण २०० मिलिसेकंदांची एक पाळी, आणि दिलेला हुकूम दोन पाळ्यांनंतर अमलात. सगळ्यांचं गणित जुळलंच पाहिजे, त्यामुळे सगळ्यात मंद मशीन किंवा सगळ्यात वाईट लाइन ज्याची, त्याच्या चालीने सगळ्यांचा खेळ चालतो. अशा गेममध्ये खेळ जड झाला तर दोष तुमच्याकडे नसेलही, आठातल्या एकाचा लॅपटॉप तापला असेल.
ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये तर वेळ उघडपणे मंदावतात. हजारो खेळाडू एका ठिकाणी लढायला आले की सर्व्हर त्या भागातला काळ अगदी १० टक्क्यांपर्यंत खाली आणतो, म्हणजे कुणाचाही हुकूम वाया जात नाही. जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या गेममधल्या ठिकाणची लढाई अशीच एकवीस तासांच्या आसपास चालली. मला हा मार्ग फार प्रामाणिक वाटतो. खेळ अडखळत ठेवून सगळं ठीक असल्याचं दाखवण्यापेक्षा सगळ्यांना सारखं हळू केलेलं बरं.

चौकट_१४४
फ्रेमशी बांधलेल्या खेळांबद्दल कुणी लिहिलं नाही. काही इंजिनांत हालचालीचं गणित सेकंदांवर नसून फ्रेमवर असतं. २०१८ मध्ये फॉलआउट ७६ च्या बीटा म्हणजे चाचणी आवृत्तीत फ्रेमची मर्यादा काढली की पात्र खरोखरच जास्त वेगाने धावायचं, आणि तेही ऑनलाइन. डार्क सोल्स २ मध्ये पीसीवर ६० फ्रेमला शस्त्रं ३० फ्रेमच्या मानाने दुप्पट वेगाने झिजायची. क्वेक ३ मध्ये १२५ फ्रेमला उडी थोडी उंच जाते, कारण ८ मिलिसेकंदांच्या पायरीत आकडा पूर्ण करताना होणारी चूक खेळाडूच्या बाजूने पडते. नवीन शूटरांत हे सहसा नसतं, पण जुना गेम नव्या मशीनवर सुसाट वाटला तर फ्रेम ६० ला बांधून बघा.
टीव्हीवर खेळणाऱ्यांनी गेम मोड चालू आहे का तेवढं बघा. चित्र सजवण्याच्या प्रक्रिया चालू असतील तर दाबलेली कळ पडद्यावर उमटायला सहज ५० ते १०० मिलिसेकंद जास्त लागतात. ब्लूटूथ इअरफोनचा आवाजही असाच मागे असतो. पावलं उशिरा ऐकू आली की समोरचा 'फास्ट' वाटतो.

परळचा_पॅकेट
घरातल्या नेटवर्कवर येतो, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच सुटतात.
रात्री घरातला एखादा फोन चार्जिंगला लागतो, त्याच क्षणी दिवसभराचे फोटो वर चढवायला लागतो आणि तुमचा गेम जड होतो. लाइन भरली की राउटर जादा पॅकेट टाकून देत नाही, रांगेत उभी करतो. हिशेब करा : अपलोड १० एमबीपीएस आणि राउटरची रांग १ मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट. रांग रिकामी व्हायला ०.८ सेकंद. तुमची गोळी त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. अपलोड ५० असेल तर तीच रांग ०.१६ सेकंदाची. प्लॅन वाढवून फरक पडतो तो असा. पण रांग नीट लावली तर त्याची गरजच पडत नाही.
तपासायचं कसं : एका खिडकीत सर्व्हरचा किंवा ८.८.८.८ चा (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. पिंग १० वरून १५-२० वर गेला तर ठीक. १०० च्या वर गेला तर दोष सापडला.
उपाय : फोटोंचा बॅकअप पहाटे चालेल असा ठेवा. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये इतर पीसींना अपडेट पुरवणं बंद करा. स्टीममध्ये खेळ चालू असताना डाउनलोड बंद ठेवा. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे रांग आखूड ठेवण्याची सोय असेल (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या पर्यायी सॉफ्टवेअरवर असते, त्यात केक हा पर्याय निवडा) तर दोन्ही दिशांची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के लावा. मर्यादा १०० टक्के ठेवली तर रांग पुन्हा इंटरनेट कंपनीच्या उपकरणात जमते आणि सगळं मुसळ केरात.

मालाड_पश्चिम
डीएनएस बदलला की पिंग कमी होतो असं ऐकलं आहे. आणि गेमिंग व्हीपीएन, म्हणजे आपली पॅकेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा?

परळचा_पॅकेट
डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. पत्ता एकदा मिळाला की पुढच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही. पिंग कमी होणार नाही.
व्हीपीएनचा उपयोग एकाच वेळी : कंपनीचा रस्ता वाकडा असेल तेव्हा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३९ च्या खाली कुणीही जाऊ शकत नाही. समुद्रातली केबल वळणं घेत जाते, म्हणून ५५-७० दिसतात. तिथे तुम्हाला १२० दिसत असतील तर रस्ता वाकडा आहे, व्हीपीएनने फरक पडेल. मुंबईतून मुंबई सर्व्हरला पाच-पंधरा दिसत असतील तर व्हीपीएन फक्त एक थांबा वाढवेल.
युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी : तांबड्या समुद्रात केबल तुटल्या की खेळ आठवडेच्या आठवडे जड राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही तुटल्या होत्या, आणि दोन्ही मुंबईला येतात. अशा वेळी घरातल्या सेटिंगशी झटापट करू नका.

ठाणे_स्लो
मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. लोकलमध्ये खेळताना डब्याचा पत्रा सिग्नल खातो आणि धावत्या गाडीत टॉवर सतत बदलतात. प्रत्येक बदलाला पॅकेट क्षणभर थांबतात. दादर-कुर्ला पट्ट्यात गोठणं आणि पळणं दिसतं ते यामुळे, फोन बदलून ते जात नाही. मे महिन्यात फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. पहिला सामना छान, तिसरा जड, हे त्याचं लक्षण. जाड कव्हर काढा, चार्जिंग करत खेळू नका, फ्रेमरेट एक पायरी खाली आणा. चढउतार करणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ४० हाताला बरे.

टिक_१२८
धागाकर्ते, आता मोजा. सकाळी सात आणि रात्री दहा, दोन्ही वेळी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, डॅश एन २००, आणि पुढे राउटरचा पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१. साडेतीन मिनिटं लागतील. मग तेच ८.८.८.८ ला. गेममधला पिंग सरासरी असतो, त्यात एखादा २०० चा उसळता आकडा बुडून जातो. म्हणून तुम्हाला बारा-पंधराच दिसतो. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्समध्ये नेटवर्क आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ), पॅकेट लॉस (हरवलेली पॅकेट) आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) यांचे आलेखही चालू करा.

निळी_वायर
मॉनिटर १४४ वरच आहे, एफपीएस स्थिर. आकडे :
राउटरला वायफायवरून, सकाळी : किमान १, सरासरी २, कमाल ९, लॉस ०.
राउटरला वायफायवरून, रात्री : किमान १, सरासरी १७, कमाल २४०, दोनशेतली दोन गायब.
लॅपटॉप राउटरजवळ नेऊन छोट्या वायरने, रात्री : सगळे १ च्या आत.
त्याच वायरने ८.८.८.८, रात्री : सरासरी ६, कमाल ११.
फोनवरून अपलोड लावून, त्याच वायरने ८.८.८.८ : सरासरी १३०.

परळचा_पॅकेट
उत्कृष्ट मोजमाप, आता तर्क करायचं कारणच उरलं नाही. कंपनीची लाइन रात्रीही निर्दोष आहे, प्लॅनला हात लावू नका. दोष दोन : वायफाय आणि अपलोडची रांग.
रात्रीच का? कारण त्या वेळी इमारतीतली सगळी घरं जागी असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सातव्या मजल्यावर तुम्हाला सहज तीस राउटर दिसत असतील, आणि आयपीएलच्या दिवसांत साडेसातनंतर सगळे एकदम बोलतात. तुमचं पॅकेट हवा मोकळी होण्याची वाट बघतं, धडकलं तर पुन्हा जातं. तेच २४०, आणि तेच तुमचं फास्ट फॉरवर्ड.
५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन पीसी तिथेच जोडा. पण मधे आरसीसीची भिंत असेल तर ५ दुबळं पडतं. खरा उपाय वायरच.

निळी_वायर
हॉल ते आतली खोली वायर साधारण १४ मीटर होईल. कुठली घेऊ?

पंधरा_डबा
२० मीटरची कॅट ६ (नेटवर्क केबलचा प्रकार) घ्या, दाराच्या चौकटीवरून न्यायला वळणं लागतात. लॅमिंग्टन रोडला मिळते, फक्त शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त असते, पण वळणावर आतून तुटते. ओळखायची खूण : तार ब्लेडने हलकीच खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. फॅक्टरीत क्लिप बसवलेली घेतलीत तर क्रिम्पिंगची (टोकाला क्लिप दाबून बसवण्याची) कटकट नाही, पण मग भोक क्लिप जाईल एवढं हवं. एसीच्या पाइपाच्या भोकातून बाहेरून नेऊ नका. पावसात आणि खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात आणि मग पॅकेट गळायला लागतात.
कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, निदान अडीच-तीन सेंटिमीटरचा गोल ठेवा. जोडल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा. पीसी आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असूनही १०० दिसला तर आठातली एखादी तार लागलेली नाही.
आणि आणल्या आणल्या पट्टीत ठोकू नका. आधी जमिनीवरून पसरून जोडा, रात्री दहाला राउटरला दोनशे पिंग घ्या, सगळे १ च्या आत आले की मगच ठोका.